पेटीतला राऊटर

आमचं घर पत्र्याचं होतं तेव्हा छप्पर गळायचं आणि उंदीर काहीही कुरतडायचे. म्हणून जपायचं ते सगळं आई लोखंडी पेटीत ठेवायची. माझी कॉलेजची पुस्तकंही तिथेच असायची, तिच्या एकुलत्या एका चांगल्या लुगड्याखाली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि याचा मला अभिमान आहे.

आता घर पक्कं आहे, इंटरनेटही आहे. मी कॉलेजात शिकवते; माझ्या तासांचे व्हिडिओ कॉलेज इंटरनेटवर टाकतं आणि आई ते बघते. पण फोनवर तिची एकच तक्रार असायची, "बाई, तू बोलता बोलता तोंड उघडं टाकून थांबतेस गं." मी म्हणायचे, "राऊटर बंद करून चालू कर." काल मात्र चिडले. "एवढं साधं जमत नाही तुला?"

आज घरी आले आणि वायरीच्या मागे मागे गेले, तर वायर पेटीत शिरत होती. झाकण उघडलं. लुगड्याच्या घडीवर राऊटर नीट ठेवलेला.

"महागाची वस्तू ती," आई म्हणाली, "उघड्यावर कशी ठेवू?"

लोखंडाच्या पेटीतून सिग्नल नीट बाहेर येत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. वर्गात मी एकच गोष्ट तीन-तीनदा समजावते. आईला मात्र राऊटर ठेवलाय कुठे, हे एकदाही विचारलं नव्हतं. खाली वाकून मी उगीच लुगड्याची घडी सारखी करत बसले.

मग राऊटर भिंतीवरच्या फळीवर ठेवला. आईनं माझा तास पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. तो एकदाही अडकला नाही.