हातगेअरची पिकअप

आमच्या पिकअपचा गेअर स्टिअरिंगच्या खांबावर होता. तशा हातगेअरच्या गाड्या आता दिसत नाहीत. दांडा डाव्या हाताने आपल्याकडे ओढून धरला की पहिला-दुसरा, पुढे ढकलून धरला की तिसरा-चौथा. आमचा दांडा मात्र इतका झिजला होता की हात काढला की खाली लोंबायचा. गेअर टाकायचा तर आधी दोन बोटांनी तो उचलून धरायचा, क्षणभर थांबायचं, आत काहीतरी जागेवर बसल्यासारखं जाणवलं की मगच ओढायचं. घाई केली तर अडकलाच. हे आमच्या गावात दोघांनाच जमायचं, बाबांना आणि मला.

बाबा मोर्शीकडच्या बगिच्यांमधली संत्री अमरावतीच्या बाजारात पोचवायचे. दोन वर्षांपूर्वी क्रेट रचताना ते गाडीवरून पडले. डाव्या खांद्याला आणि कमरेला मार बसला. काठी घेऊन चालायला लागले, क्लच दाबण्यापुरता पायही सुधारला, पण दांडा उचलून धरण्याइतकी ताकद खांद्यात उरली नाही. मी नुकतीच डी.फार्म. होऊन घरी बसले होते. एका हंगामापुरती गाडी मी चालवायची असं ठरलं.

तो हंगाम संपला, पुढचा लागला, आणि मी गाडीवरच होते. मधे दोन ड्रायव्हर लावून पाहिले. एकाने गावाच्या वेशीवरच गाडी अडकवली. दुसरा अर्धा दिवस टिकला आणि चावी आईच्या हातात देऊन गेला. घरी कोणी आलं की बाबा कौतुकाने सांगायचे, "पोरीशिवाय गाडी हालत नाई आमची." सुरुवातीला मला ते ऐकून बरं वाटायचं. पुढे पुढे ते वाक्य आलं की मी उठून आत जायची.

त्याच सुमारास अकोल्याच्या एका मेडिकलवाल्यांनी मला कामावर बोलावलं. मी त्यांच्याकडून थोडे दिवस मागून घेतले आणि बाबांना म्हटलं, "गेअरचं काम करून घेऊ ना. मंग कोनीबी चालवन."

"गाडी चार दिवस उभी राह्यली तर माल कोन नेईन?" बाबा म्हणाले. "चालून राहिली ना? मंग राहू दे."

मी राहू दिलं. त्या दुकानाबद्दल नीट बोललेसुद्धा नाही. आज विचार केला तर माझा मलाच राग येतो.

एके दिवशी बाबा हिशोबासाठी सोबत आले होते. माल उतरवून आम्ही बाजाराच्या मागच्या बोळीतून निघालो. समोरचा ट्रक रिव्हर्समध्ये आमच्याकडे येत होता, म्हणून मी गाडी भिंतीला चिकटवली आणि घाईत रिव्हर्स टाकायला गेले. थांबले नाही. दांडा मधेच अडकला. दोन गेअर एकदम लागले की चाकं जाम होतात, गाडी ढकलूनही हलत नाही. मागे गाड्यांची रांग लागली. चार-पाच जणांनी जोर लावून पाहिला आणि नाद सोडला.

उपाय सोपा होता. बॉनेट उघडायचं आणि खांबाच्या खालच्या दोन पट्ट्या हाताने सरळ रेषेत आणायच्या. पण माझ्या दारात आणि भिंतीत वीतभर जागा होती. मला उतरायचं तर बाबांच्या बाजूने, आणि बाबांना उतरवायला दोन माणसं लागत.

"बाबा, तुमाले उतरा लागते."

"थांब, मी पायतो." त्यांनी उजव्या हाताने दांडा ओढला. हलला नाही. परत ओढला.

"असा निघत नाई तो. बॉनेट उघडा लागते."

"एवढ्या लोकांसमोर मले पोत्यासारखं उतरवशीन का? बस म्हनलं ना."

मी बसले. मागून हॉर्न चालूच होते. काचेतून आत ऊन येत होतं, उजवीकडे खिडकीभर भिंत होती, तिचे पोपडे मी मोजल्यासारखे पाहत राहिले. बाबा समोर बघत होते. ओढणी गळ्याशी घामाने चिकटली होती. मला वाटलं, माझी पन्नाशी येईल आणि तेव्हाही मी इथेच बसलेली असेन, मांडीवर हा दांडा घेऊन.

वीसेक मिनिटांनी एक हमाल आला. कोणाला न विचारता त्याने बाबांचं दार उघडलं, "चला काका," म्हणाला आणि दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी बाबांना उचलून उलट्या क्रेटवर बसवलं. बाबांनी सगळ्यांकडे पाठ केली. मी बॉनेट उघडून पट्ट्या जुळवल्या. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ त्या कामाला लागला नाही.

परतताना गाव जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "उद्या बाजार बंद हाये. अकोल्याले नेऊन आन गाडी."

हातगेअरचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री तिथे होते. पहाटे निघून मी त्यांच्याकडे पोचले. त्यांनी खांब उघडला, आतली पिन मला दाखवली. गोल असायची ती चपटी झाली होती, आणि तिच्याभोवती बसणाऱ्या बुशच्या कड्याचा नुसता चुरा उरला होता.

"बेटी, इतके दिवस चालवली कशी?"

"सवय झाली, चाचा."

"ऐसी आदत अच्छी नहीं," ते म्हणाले आणि नवा बुश बनवून घ्यायला लेथवाल्याकडे गेले.

काम व्हायला दुपार होणार होती. मी ऑटोने त्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर माझ्याच वयाची एक मुलगी औषधाच्या पट्ट्या कापत होती. मालक भले होते. त्यांनी मला चहा पाजला. "दोन महिने वाट पाहिली बेटा," ते म्हणाले. "तुझा हंगाम काही संपेना." मी चहा संपवला आणि गाडीकडे परत आले.

संध्याकाळी अंगणात बाबांना आम्ही दोघींनी, मी आणि आईने, गाडीत चढवलं. त्यांनी डाव्या हाताने चारही गेअर टाकून पाहिले. दांडा बोटाने ढकलला तरी जात होता. बाबा हसले. पडल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी ते चालवू लागले. मला वाटलं, सुटले. पण निघताना त्यांनी काचेतून हाक मारली, "शेजारी बस. काई झालं तर."

काही झालं नाही. तरी मी रोज त्यांच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसून अमरावतीला जायची आणि परत यायची. गाडी चालवताना निदान काम तरी होतं. हे जास्त जड गेलं.

हंगामाच्या शेवटी रिकामी गाडी घेऊन येताना बाबांनी अचानक विचारलं, "ते अकोल्याचं दुकान काय म्हनते?"

"त्यायनं दुसरी पोरगी ठेवली. कवाचीच."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "कावून सांगतलं नाई?"

"तुमी इचारलं कुठं?"

पुढच्या वळणावर त्यांनी गेअर बदलला. "मंग दुसरं पाय," म्हणाले. "गाडीचं मी पाहून घेईन."

दुसरं मिळायला पाच महिने लागले. मूर्तिजापूरला एक लहान मेडिकल आहे, तिथे मी आता असते. खोली घेतली आहे, दर पंधरवड्याने घरी जाते.