आप्पांची न निघणारी फाईल

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूर अनंतपाळच्या शाळेत हजेरी घेत होतो. फोन त्यांच्या बायकोचा, वहिनींचाच. "भावजी, आप्पा गेले," एवढंच म्हणाल्या. मी वर्गाबाहेर आलो आणि आधी आठवलं ते माझं खोटं. दोन महिन्यांपूर्वी मी या माणसाशी खोटं बोललो होतो, आणि आता ते कबूल करायची सोय उरली नव्हती...

किनवटच्या आश्रमशाळेत मी नवखा शिक्षक होतो, आप्पा वसतिगृहाचे अधीक्षक. पहिल्याच आठवड्यात मी पळून जायला निघालो, तर हे स्टेशनवर येऊन शेजारी बसले. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. गाडी निघून गेली आणि आम्ही दोघं चालत परत आलो. तिथं मी नऊ वर्षं काढली.

निवृत्तीनंतर ते नांदेडला राहिले. मुलानं कॉम्प्युटर बसवून दिला, तर त्यात वसतिगृहाच्या गोष्टी स्वतःच्या आवाजात भरू लागले. इस्लापूरला सहल नेली आणि भाकऱ्यांचं गाठोडं एसटीतच राहिलं, ही गोष्ट सगळ्यांत रंगलेली. कारण मध्येमध्ये वहिनी चुका काढतात आणि शेवटी दोघंही पोट धरून हसतात.

दुखणं विकोपाला गेलं तेव्हा आप्पांनी मला बोलावून घेतलं. वहिनी चहा ठेवायला गेल्याचं पाहून म्हणाले, "बाळ्या, ती सहलीची फाईल काढून टाक. मी लई हाकललं, जाऊनच नाही राहिली. मी गेल्यावर ही तेच ऐकत बसंल. खाणार न्हाई, पिणार न्हाई. मी वळखतो हिला."

शाळेत मी कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणून मिरवतो. ऐटीत बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. फाईल काढायला गेलं की एकच पाटी येई : ही फाईल उघडी आहे, आधी बंद करा. "आप्पा, कॉम्प्युटर बंद करून पाहिला का?" मी तिथूनच विचारलं. "रोज करतो की!" आणि मग माझ्या ध्यानात आलं. नवरा-बायको रोज बंद करत होते तो नुसता पडदा. टेबलाखालचा डबा इन्व्हर्टरच्या जिवावर महिनोन्‌महिने चालूच, आणि सहलीची गोष्ट त्यात खाली बारीक करून ठेवलेली. एक फुली दाबली असती तर काम झालं असतं. तेवढ्यात दारात चहा घेऊन वहिनी. "राहू द्या, भावजी," हलकेच म्हणाल्या. "दुपारी हे झोपले की ऐकते मी. यांचा धडधाकटपणीचा आवाज हाय तो."

मी हात काढून घेतला. आत जाऊन आप्पांना म्हणालो, "लई चिवट फाईल हाय. न्हाई निघत." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग "बरं" म्हणाले आणि आमच्याकडच्या सोयाबीनची चौकशी करू लागले.

परवा नांदेडला गेलो. मरणाऱ्या माणसाला फसवलं, हे निदान वहिनींपाशी तरी बोलायचं होतं. बोलताना मला रडू आलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून पडदा चालू केला. दुपारचा एक वाजला होता. एसटी, गाठोडं, हसणं... गोष्ट संपली, आणि तिच्यामागची दुसरी फाईल आपोआप सुरू झाली. "तवा तुम्ही येऊन गेल्यावर चार दिवसांनी भरली," वहिनी म्हणाल्या. "मला दुकानाला धाडून. सापडली ती बी ते गेल्यावर."

आवाज खोल गेलेला होता, पण आप्पांचाच.

"बाळ्याला खोटं बोलता येत न्हाई. कान लाल होतेत त्याचे. त्याला म्हणावं, बरं केलंस... आन् दुपारचा मी झोपलेला नसतो, समदं ऐकू येतं मला. तर ऐकत जा. पण एकदाच. झालं न्हवं ऐकून? ऊठ आता, ताट वाढून घे."

वहिनी उठल्या आणि त्यांनी आम्हा दोघांची ताटं वाढली.