बाबल्याचा लपवलेला खडक

बाबल्याच्या कानातून पू वाहायचा, तो लीला रोज कापसाने टिपायची. दहा वाव पाण्यात श्वास धरून उतरणाऱ्याचे कान असेच व्हायचे, त्याची तिला कधी शिसारी आली नाही. शिसारी यायची ती त्याच्या थापांची. काळबादेवी गावासमोरच्या समुद्रात त्याला एक खडक सापडला होता, कपारींमध्ये हे एवढाले हेकरू मासे! मासा किनाऱ्याला आणला की हा कोणाला सांगायचा पूर्णगडला मिळाला, कोणाला जयगडला. गडी ठेवला तर तो बोंब मारील, म्हणून बायकोलाच, लीलाला, वल्ह्यावर बसवायचा.

तसा माणूस गुणी. पोरपणी कालवं काढता काढता बुडी मारायला शिकला. पुढे गोव्यात पर्यटकांच्या होडीवर राबला नि येताना रबर ताणून भाला सोडणारी बंदूक, पायात घालायचे लांब पंखे, शिशाचा पट्टा घेऊन आला. भाल्याला लांब दोरी, दोरीच्या टोकाला नारिंगी बोया. मासा दांडगा लागला की बंदूक सोडून वर यायचं. बोया पाण्यावर नाचतो, मासा दमतो, माणूस श्वास घेतो. सगळा जीव त्या बोयावर. हे त्यानेच लीलाला शिकवलेलं.

त्या सकाळी तो पाण्यात उतरणार तोच लांबून अनिलची होडी दिसली. अनिल त्याचा चुलतभाऊ, तोही बुडी मारणारा. बाबल्याने झटक्यात बोया काढून फळीखाली कोंबला, दोरी गुंडाळून आखूड केली नि टोक स्वतःच्या कमरेला बांधलं.

"अहो, हे काय करताव?" लीला ओरडली.

"गप गो! बोया दिसला की जागा गेली. तू गरी टाकून बस. विचारलंन तर सांग, नवरा तापाने घरी पडलाय."

नि गेला खाली. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. माशांनी खाल्लंनी ह्याचं डोकं!

अनिल जवळ आला. "वहिनी, एकटीच? दादा कुठे?"

"घरी आहेत. ताप आलाय," लीला म्हणाली, नि बोलताना तिचं तिलाच तोंड विटाळल्यासारखं झालं. अनिलने मान डोलावली, होडी वळवली.

ती पाण्याकडे बघत बसली. बुडबुडे नाहीत, सावली नाही. एरवी एवढ्या वेळात तो वर येऊन दोनदा थुंकला असता. दोरी हाताशी असती तर ओढली असती. हातात होती फक्त ती नाटकाची गरी. ती गरी फेकून उठली.

"अनिलभावजी! खोटं बोलले मी! खाली आहेत ते! धावा!"

अनिलने काच चढवली नि उडी टाकली. हेकरू भाल्यासकट कपारीत घुसून फुगून बसला होता, नि आखूड दोरीवर बाबल्या कपारीच्या तोंडाशी लोंबत होता. दोरी कापायची सुरी बाबल्याच्याच पोटरीला होती. अनिलने त्याच सुरीने दोरी कापली नि निळा पडलेला भाऊ वर आणला.

अनिल नि लीला दोघांनी त्याला त्याच्याच होडीत घेतलं. छाती दाबल्यावर बाबल्या लीलाच्या मांडीवर ओकला: खारं पाणी, फेस, सकाळची भाकरी. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. ती रडत होती, हसतही होती. जगला मेला!

त्याने डोळे उघडले, अनिलकडे बघितलं नि बायकोवर घोगऱ्या आवाजात खेकसला, "याला कशाला बोलावलंस? जागा दाखवलीस ना!"

शी! लीलाने मांडी काढून घेतली. ओकारीची किळस आली नव्हती, ती आता आली. ह्या माणसापायी तिने धडधाकट नवऱ्याला तापात निजवल्याची थाप मारली होती, नि ह्याला काळजी खडकाची!

अनिलची होडी दोरीने ओढत ते किनाऱ्याला लागले. वाटेत बाबल्या अनिलला विनवत होता, "पूर्णगडला झालं म्हणून सांग. शपथ घे." वाळूत मच्छीवाल्या, गडी, सगळा गाव जमला होता. "काय झालं गो? कुठे झालं?" मच्छीवाल्या गोदूबाईने विचारलं.

"पूर्ण..." बाबल्याने तोंड उघडलं.

लीला होडीतच उभी राहिली. "दीपस्तंभ मिऱ्याच्या डोंगराच्या नाकावर धरायचा," ती खणखणीत म्हणाली, "नि देवळाचा कळस माडांच्या आड गेला की नांगर टाकायचा. खाली खडक आहे. हेकरू भरलेत."

"अगो, गप! पाया पडतो तुझ्या!"

"मागच्यांना ऐकू आलं का?" लीलाने विचारलं, नि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली.