पूर्णविराम आला की एक पाऊल मागे

आमच्या शाळेत शिक्षक दिनाला दहावीचा एक विद्यार्थी दिवसभर मुख्याध्यापक व्हायचा. तसं ते कुठल्याही शाळेत होतं म्हणा, पण आमच्याकडे ते नुसतं नाटक नव्हतं. त्या दिवशी ज्याला खुर्ची मिळायची त्याचं नाव व्हरांड्यातल्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं जायचं आणि कायमचं राहायचं. शिवाय एक जुनी रीत होती. त्या दिवसाच्या मुख्याध्यापकानं एक हुकूम सोडायचा आणि तो सगळ्या शाळेनं, शिक्षकांसकट, पाळायचा. आजवरच्या सगळ्या बहाद्दरांनी एकच हुकूम सोडला होता, अर्ध्या दिवसाची सुट्टी.

आमचं गाव आरमोरीपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. शाळा शेजारच्या मोठ्या गावात. आमचा मोहल्ला तलावाच्या पाळीला लागून होता. बाबा आणि शेजारपाजारचे काका तलावात जाळी टाकायचे, बाया लोकांच्या धानात राबायच्या. पाचवीपासून मी रोज त्या फळ्याखालून वर्गात गेले आणि त्यावर आमच्या मोहल्ल्यातलं एकही नाव नव्हतं. मला तिथं माझं नाव हवं होतं. लोक अशा वेळी ‘मला कसलीच अपेक्षा नव्हती’ असं लिहितात. मला भरपूर अपेक्षा होती. नववीत पहिली आले तेव्हाच मी फळ्यावरची रिकामी जागा हेरून ठेवली होती.

घोडं अडलं हजेरीपाशी. खुर्ची ज्याला हवी त्याची हजेरी जवळपास पूर्ण असावी लागायची. आणि आमच्याकडे शाळा उघडून पुस्तकांना कव्हरं लागतात न लागतात तोच रोवणा, म्हणजे भाताची लावणी, येतो. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटायचे, त्यांच्या पेंड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत एकेक रोप लावत जायचं. पाऊस कुणासाठी थांबत नाही, म्हणून घरातल्या धडधाकट माणसानं बांधीत उतरायचं असतं. माझ्या वर्गातल्या आमच्या मोहल्ल्याच्या सगळ्या मुली रोवण्यात असायच्या. शाळेच्या लेखी आम्ही गैरहजर. बांधीत मात्र आमची हजेरी माय घ्यायची, आणि तिच्यापुढे उशीर झाला तर शाळेतले सर परवडले असं वाटायचं.

माय रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी होती. आवाज असा की बांधीच्या या धुऱ्यावरून, या बांधावरून, ओरडली तर पलीकडच्या बांधीतला बैल कान टवकारायचा. बाया एका रांगेत कमरेत वाकायच्या. डाव्या हातात पेंडी, उजव्या हातानं दोन-तीन रोपं काढून चिखलात खुपसायची, समोरची ओळ भरली की सगळ्यांनी मिळून एक पाऊल मागे सरकायचं. रोवणा असा मागे मागे चालतो. पुढं चाललं तर आपणच लावलेलं आपण तुडवू. रांग बिघडू नये म्हणून माय गाणं म्हणायची आणि बाकीच्या मागून झेलायच्या.

दहावीच्या वर्षी मला रोवण्यापेक्षा पुस्तकाची धास्ती होती. विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि आम्ही चिखलात. मी धीर करून मायला विचारलं, “माय, आज गाण्याच्या जागी माहा धडा म्हणू का?”

“म्हण ना. कोण नाई म्हणते? पण हात थांबला तं पेंडी डोक्यात हाणीन.”

मग दुपारी धुऱ्यावर भाकर खाताना मी पन्नीत गुंडाळलेलं पुस्तक उघडायची, चार-पाच वाक्यं डोक्यात भरायची आणि बांधीत उतरून मोठ्यानं सांगायची. वाक्याचा एक तुकडा, एक रोप. पुढचा तुकडा, पुढचं रोप. पूर्णविराम आला की सगळ्यांनी एक पाऊल मागे. ग्रह सूर्याभोवती, खुपस, लंबवर्तुळाकार कक्षेत, खुपस, फिरतो, खुपस. मागे. माझ्या वर्गातल्या मुली तर म्हणायच्याच, पण मावश्या आणि काकूही म्हणायला लागल्या. एक काकू म्हणाली, “हे ग्रह बी आपल्यावानीच दिसतेत वो. फिरून फिरून तिथीच.” त्यावर सगळी रांग हसली आणि मायनं तिला दटावलं, कारण हसण्यात तिची ओळ वाकडी गेली होती.

अशा रीतीनं त्या पावसाळ्यात आम्ही गुरुत्वाकर्षण रोवलं, मग मूलद्रव्यांचं वर्गीकरण रोवलं, आणि वीज कुठल्याशा मोठ्या बांधीत अर्धी राहिली. इतिहासाला मात्र बायांनी नकार दिला. त्यात फार लांब वाक्यं आहेत, पाय अवघडून जातात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

रोवणा सरत आला आणि घटक चाचणी झाली. आम्हा सगळ्यांना विज्ञानात असे मार्क मिळाले की विज्ञानाचे सर चक्रावले. महिनाभर तोंड न दाखवलेल्या मुली, आणि उत्तरं शब्दाला शब्द सारखी! सर मनानं वाईट नव्हते, पण शंकेखोर होते. त्यांनी पेपर टेबलावर आपटले आणि भर वर्गात विचारलं, “कोणी कोणाचं पाहून लिहिलं ते आत्ताच सांगा.” आम्ही बांधीत पाठ केलं असं मी सांगितलं, तर म्हणाले, “बांधीत धान होते, विज्ञान नाही होत.” मला इतका राग आला की कानशिलं तापली. हजेरी गेली ते एक वेळ समजू शकत होते. आता वर चोरीचा शिक्काही बसत होता, तोही माझ्या एकटीवर नाही, मी म्हटलं म्हणून माझ्यामागे म्हणणाऱ्या सगळ्या पोरींवर.

त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी, म्हणजे त्या वर्षी नव्यानं आलेल्या मुख्याध्यापिकांनी, नवीच टूम काढली. शिक्षक दिनाची खुर्ची ज्याला हवी त्यानं सगळ्या शाळेसमोर उभं राहून आपली बाजू स्वतः मांडावी. आमच्याकडे स्वतःचीच आरती ओवाळणं म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. त्यामुळे नावं दोनच आली, तांदळाच्या मिलवाल्यांची मुलगी आणि मी. सरांनी हजेरी दाखवून माझ्या नावाला हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, “बोलू तर द्या तिला. मग ठरवू.”

घरी मी मायला म्हटलं, “आपल्याच तोंडानं आपलं कौतुक कसं करू?”

“काऊन नाई?” माय म्हणाली. “रडल्याबिगर मायही दूध पाजत नाई, आन् ते तं शाळा हाय. मांग. नाई देल्लं तं नाई देल्लं. पण पोरीयले चोर म्हणते म्हणजे काय? तेवढं निस्तरून ये.”

आमच्या मोहल्ल्याच्या वाट्याची एक उशिराची बांधी राहिली होती. रविवारी आम्ही ती रोवली, आणि मी माझं भाषण तिथंच पाठ केलं, रोजच्या सवयीनं, एकेक तुकडा आणि एकेक रोप.

भाषणाच्या दिवशी दोन वर्गांमधला पडदा काढून मोठा हॉल केला होता. एका टोकाला टेबलामागे मॅडम, सर आणि बाकीचे शिक्षक. दोन्ही बाजूंना खाली सतरंजीवर सगळी शाळा, मधून चालायला जागा. आधी मिलवाल्यांची मुलगी बोलली. तिची हजेरी पूर्ण, अक्षर मोत्यासारखं, वक्तृत्वाची बक्षिसं. ती छान बोलली आणि मला मनातून वाटलं, हिला देऊन टाकावी खुर्ची आणि घरी जावं. मग मला फळ्यावरची ती जागा आठवली.

मी टेबलासमोर उभी राहिले. सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर विसरेन म्हणून नजर छताच्या पंख्यावर लावली आणि सुरू केलं. आवाज मायचा आहे माझा, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. मी शाळेत नव्हते पण शाळा सोडली नव्हती, हे सांगितलं. आम्ही कोणाचं पाहिलं नाही, हे सांगितलं. शब्द कसे धडाधड येत होते! हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली. मला वाटलं, आपलं बोलणं लोकांना आवडतंय. मी आणखी रंगात आले. खुसखुस वाढली, पोट्टे खो खो हसायला लागले, आणि तेवढ्यात माझी पाठ धाडकन कशावर तरी आपटली.

मागच्या भिंतीतलं कपाट होतं ते. मी टेबलापासून निघून, प्रत्येक पूर्णविरामाला एक पाऊल मागे टाकत, सगळा हॉल ओलांडून दुसऱ्या टोकाला पोचले होते. एवढंच नाही, माझा डावा हात पोटाशी पेंडी धरल्यासारखा मुडपलेला होता आणि उजवा हात हवेत रोपं खुपसत होता.

“अगं, चाललीस कुठे?” सर तिकडून ओरडले. “भाषण व्हायचंय अजून!”

सगळी शाळा हसली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सीतेला घेतलं, माझ्यासाठी सिमेंटची फरशी काही हलेना. पण हसणाऱ्यांत माझं लक्ष आमच्या मोहल्ल्याच्या मुलींकडे गेलं. त्या हसत नव्हत्या. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. रोवताना माणूस मागे जाणार नाही तर काय करणार? आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“सर,” मी तिथूनच म्हटलं, “हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमी आमच्या पोरीयले उभं करा आन् धडा विचारा. कुठूनबी.”

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. मुली मधल्या जागेत टेबलासमोर एका रांगेत उभ्या राहिल्या. सरांनी मुद्दाम धड्याच्या मधलंच एक वाक्य अर्धवट उच्चारलं. एकीनं ते झेललं आणि मग सगळ्यांनी सूर धरला. ग्रह फिरायला लागले. डावे हात पोटाशी गेले, कमरा किंचित वाकल्या, उजवे हात हलायला लागले. आणि पूर्णविराम आला तशी सगळी रांग, कोणी न सांगता, एकदम एक पाऊल मागे सरकली.

आता कोणी हसलं नाही. पुढचं वाक्य, आणखी एक पाऊल. सरांनी दुसरा धडा विचारला. मूलद्रव्यं निघाली. सरांनी वीज विचारली. रांग अर्ध्यावर येऊन थांबली आणि एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, इथवरच रोवलं. मंग पाणी लय झालं.”

तेव्हा सर हसले. शाळेचं आधीचं हसणं वेगळं होतं, हे पोटातून आलं. ते उभे राहिले आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाले, “या मुलींनी कोणाचं पाहिलं नाही. मी तसं म्हणालो, ते चुकलं माझं.”

मॅडमनी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, “हजेरीचा नियम कशासाठी केला आपण? मूल शाळेपासून तुटू नये म्हणून. ही तुटली तर नाहीच, वर अख्खी रांग सोबत घेऊन आली. खुर्ची हिची.”

पहिली टाळी मिलवाल्यांच्या मुलीनं वाजवली, आणि पाठोपाठ दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की तिला वक्तृत्वापेक्षा त्याचंच बक्षीस द्यायला हवं होतं. आमच्या पोरींनी मला उचललं. माझ्या चपला कुठं गेल्या ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. मी जिंकले होते, आणि मला जिंकल्यासारखंच वाटत होतं, त्यात नम्रता वगैरे औषधालाही नव्हती.

शिक्षक दिनाच्या सकाळी मी मायचं लग्नातलं लुगडं नेसून शाळेत गेले. फळ्यावर नावं रंगवणारा पेंटर माझ्या नावाचं शेवटचं अक्षर भरत होता. मी हेरून ठेवलेल्या जागेच्या एक ओळ खाली, पण चालेल म्हटलं. मग व्हरांड्यात मांडलेल्या खुर्चीत बसले, घंटा वाजवायला लावली, सगळ्या शाळेला व्हरांड्यासमोर जमवलं. पोट्टे दप्तरं आवरूनच आले होते. अर्ध्या सुट्टीचा हुकूम ऐकायला सगळ्यांचे कान तयार.

मी सरांकडे वळले. “हुकूम तुमाले आहे, सर. विजेचा राह्यलेला धडा तुमी म्हणा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रोवत.”

मैदानात जो गलका उठला तो बाजारापर्यंत गेला असेल.  सरांनी चष्मा खिशात ठेवला, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि धडा सुरू केला. पूर्णविरामाला त्यांनी एक पाऊल मागे टाकलं. आमच्या मुली खालून सूर झेलत होत्या. दुसरा पूर्णविराम, दुसरं पाऊल. त्या वेळी निंदणाला निघालेली बायांची टोळी फाटकाशी थांबली होती. सगळ्यांच्या पुढे माय, कमरेला विळा खोचलेली. तिनं आधी फळ्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या माझ्याकडे, आणि मग सरांकडे. सरांकडे पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

“ओ सर!” तिचा आवाज सगळ्या मैदानावरून आला. “कंबर वाकवा! उभ्यानं रोवणा होत नाई!”

सर थांबले. फाटकाकडे पाहून त्यांनी मान हलवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चांगले वाकले, आणि माझ्या ओल्या नावाखालून पुढच्या पूर्णविरामाला बरोबर एक पाऊल मागे गेले.