वाकडीची सवय

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त झाल्यापासून सुऱ्या बनवतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या छोट्या भट्टीत ते पातं लालभडक तापवतात आणि तेलात बुडवतात. त्याने पोलाद कडक होतं, पण काकांचं पातं हमखास वाकतं. ते गरम असतानाच सरळ करावं लागतं, गार झाल्यावर जोर लावला तर मोडतं. म्हणून काका जाड हातमोजे घालून त्याला घाईघाईने दाबतात आणि अत्यंत आदराने विचारतात, "अहो, निघालात कुठे?"

पातं ऐकत नाही. तरी त्याला मूठ बसते आणि ती सुरी कोणाच्या तरी घरी भेट म्हणून जाते.

माझी मिळाल्यावर मी म्हटलं, "काका, ही वाकडी आहे हो."

"तुमचा टोमॅटो सरळ असतो का?"

परवा मात्र एक पातं अगदी सरळ निघालं. काकांनी एक डोळा मिटून ते न्याहाळलं आणि काळजीत पडले.

"आता ही द्यायची कोणाला? अख्ख्या बिल्डिंगला वाकडीची सवय झालीय."

सकाळीच मंडईतून गुपचूप आणलेल्या सरळ सुरीने माझं बोट कापलं होतं. पट्टी बांधलेला हात मी हळूच पाठीमागे नेला.