काकांचा हात

काकांना रिंगमध्ये पाहिलं की माझं डोकं फिरायचं. लोक उभे राहून शिट्ट्या मारायचे आणि मी रेफरीचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी. सगळेच त्यांना काका म्हणायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट सुटलेलं, कपाळावर जुन्या जखमांचे इतके वण की भाजी चिरायची फळी वाटावी. उडी नाही, पकड नाही, दोरांवरून धावणं नाही. नुसत्या बुक्क्या, लाथा आणि खुर्ची. ह्यालाच आमच्याकडे लोक ‘खरा फायटर’ म्हणायचे.

मी आठवडाभर पोर्टच्या ऑफिसात क्लार्क आणि रविवारी रेफरी. जासईला कंटेनर यार्डांच्या मागे एका रिकाम्या शेडमध्ये, टीव्हीवर दाखवतात तसल्या शो-कुस्तीची आमची रिंग लावलेली असायची. मालकाचं करंजाड्यात जिम होतं, हा त्याचा हौसेचा धंदा. माझे वडील साताऱ्याकडचे, तरुणपणी तांबड्या मातीतले पैलवान, पुढे मार्केटमध्ये पोती उचलली. त्यांना आमचा खेळ म्हणजे तमाशा वाटायचा. “कोण जिंकणार ते आधीच ठरलंय, मग तू तिथं बघतीस काय?” असं ते विचारायचे. मी सांगायचे की समोरचा माणूस धडधाकट घरी जातो का, ते बघते. ते हसायचे. पण आमच्या खेळातलं कौशल्य म्हणजे तेवढंच. मार मोठा दिसला पाहिजे आणि लागता कामा नये. पडणारा आपली मान तुमच्या हातात देतो, ती तुम्ही सांभाळायची.

एका रविवारी मालकाने मला बाजूला घेतलं. मोठा शो ठरत होता, करंजाड्याच्या मैदानावर.

“खरं सांग, काका अजून चालतील का?” तो म्हणाला. “पब्लिक वेडं आहे त्यांच्यासाठी. पण पोरं कुरकुरतात. तू जवळून बघतेस. दोन-चार मॅच नीट बघ आणि सांग.”

मी तिथल्या तिथे सांगणार होते की ह्या माणसाला काही येत नाही, घरी बसवा. पण बघायला सांगितलंय तर बघू, म्हणून थांबले.

पुढची मॅच दिल्लीहून आलेल्या एका पैलवानाबरोबर होती. त्याची स्वतःची अशाच कुस्त्यांची कंपनी होती, टीव्हीवर दिसायचा. काकांनी त्याला कोपऱ्यात दाबला आणि बुक्की हाणली. प्रेक्षक ओरडले. मी शेजारीच होते. मूठ गालापाशी येऊन थांबली होती, आवाज काकांनी पाय आपटून काढला होता. प्रत्येक फटक्याआधी ते त्याचं मनगट हलकेच दाबत होते, म्हणजे ‘आता येतंय’. खुर्ची मारली ती पाठीच्या मांसल भागावर, सपाट. त्याला खाली आपटताना स्वतःचा तळहात त्याच्या मानेखाली घातला. आणि हे सगळं करताना चेहरा असा की आता ह्याचा जीव घेणार.

मी इतकी वर्षं रिंगमध्ये उभी आहे, असा हात मी कुणाचा पाहिला नव्हता, आणि काकांचाही कधी नीट बघितला नव्हता. मला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. पण त्यानंतर करंजाड्याचा शो झाला.

तिथे काकांसमोर तळवलीचा एक जण होता. दिवसा टेम्पो चालवायचा, संध्याकाळी जीव तोडून प्रॅक्टिस करायचा. पडायला घाबरायचा नाही. मैदान भरलं होतं, पुढच्या खुर्च्यांवर त्याच्या गावचे लोक बसले होते. घंटा झाली. काकांनी त्याचंही मनगट दाबलं. मला बरं वाटलं. मग त्यांनी त्याच्या कानावर बंद मुठीचा खरा फटका मारला.

तो गुडघ्यावर आला. मी वाकले.

“काका, हलू,” तो पुटपुटला. “कान गेला माझा.”

“मग शिक,” काका म्हणाले आणि पुन्हा त्याच कानावर मारलं.

“काका, बस,” मी दबक्या आवाजात म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची उचलली, ती ह्या वेळी सपाट नाही, कड पुढे करून धरलेली. मी मध्ये घुसले आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. खरोखर लागलंय, मॅच बंद, अशी ती खूण. मैदानातून माझ्यावर पाण्याच्या बाटल्या आल्या.

मागच्या तंबूत काका टॉवेलने मान पुसत बसले होते.

“माझी मॅच थांबवणारी तू कोण?” ते म्हणाले. “तुला काय कळतं ह्यातलं?”

“कळतं. तुम्हाला हळू मारता येतं.”

“आम्ही असेच शिकलो. मला कोणी हळू मारलं नाही.”

“मग दिल्लीवाल्याला का हळू मारलंत?”

ते असं बोलले, जणू मला साधी गोष्टही समजत नाही. “तो उद्या मला काम देईल. हा काय देणार?”

मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. येत नसतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. म्हातारा झालाय, अंदाज चुकला असेल. पण ह्या माणसाला सगळं येत होतं, आणि कुणाला सांभाळायचं ते समोरचा कोण आहे हे बघून ठरवत होता.

मालकाला मी तेच सांगितलं. “हात आपल्याकडे सगळ्यात चांगला. तरी काढा त्यांना.”

“हात चांगला आहे ना? मग झालं तर,” मालक म्हणाला. “पब्लिक त्यांचं आहे, ताई. टेन्शन नको घेऊस. त्यांच्या मॅचला दुसरा रेफरी लावतो.”

तळवलीच्या त्या माणसाच्या कानाचा पडदा फाटला होता. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा दिला. तो मात्र माझ्याकडे बघेना.

“तुमी मॅच थांबवायला नको होती,” शेवटी तो म्हणाला. “मी उठलो असतो. आता गावान् सगळे हसतात. बाईने वाचवला म्हनतात.”

“कान गेला असता तुझा.”

“गेलाच हाय. वर इज्जत पन गेली.”

मी चहा संपवला आणि निघाले. त्याने पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

मी रेफरी म्हणून जातच राहिले, फक्त काकांची मॅच लागली की खाली उतरायचे. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग गेल्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा गेला आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. मालकाचा फोन आला. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता.

“तू दोन शब्द बोल,” तो म्हणाला. “तुझ्याएवढं जवळून त्यांना कोणी पाहिलं नाही.”

“बोलेन,” मी म्हटलं. “पण जे पाहिलं तेच बोलेन. दिल्लीवालाही आणि तळवलीवालाही.”

मग तो म्हणाला की कार्यक्रम तसा छोटाच आहे, नगरसेवक बोलणार आहेत, तुला उगाच लांबून यायला नको. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.