न पुसलेलं तीर्थ

प्रोद्रोमोस जेवला असेल का, हा एकच विचार पार्थेनाला सकाळपासून सोडत नव्हता. मसूर निवडताना तोच, मुलाच्या गुडघ्यावरचा बर्फ बदलताना तोच. खरं तर पोटचा पोर सोफ्यावर पाय उशीवर ठेवून पडलेला असताना आईनं दुसऱ्याच्या जेवणाची काळजी करावी, याची तिला थोडी लाजही वाटत होती. पण साव्वासला सूप भरवायला ती होती. प्रोद्रोमोसला कोण होतं? बायको ओल्गा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. होता तो फक्त 'आर्गो' क्लब, आणि आज संध्याकाळी क्लबच त्याला बाहेर काढणार होता.

ग्रीसमधल्या कालामारियात आर्गो कुणी स्थापन केला, असं कुणी विचारत नाही. काळ्या समुद्रापलीकडून आगबोटींत बसून आलेल्या निर्वासितांनी आधी झोपड्या बांधल्या, मग चर्च, मग चर्चमागं एक बास्केटबॉलचं मैदान. क्लबला पुराणातल्या जहाजाचं नाव दिलं आणि जर्सीवर बोट काढली, कारण त्यांच्याजवळ आठवण म्हणून दुसरं काही नव्हतं. मैदान मातीचं होतं. प्रोद्रोमोस लहानपणी त्यावर रूळ फिरवायचा. उंची बेताचीच, त्यामुळं खेळायला त्याला कधी कुणी घेतलं नाही. "तू बुटका आहेस, पण तुझे हात जड आहेत," असं तेव्हाच्या प्रशिक्षकानं त्याला सांगितलं होतं. त्यानं ती स्तुती समजली आणि जन्मभर रूळ सोडला नाही.

पुढं छप्पर आलं, लाकडी जमीन आली, आणि हॉलची किल्ली त्याच्याकडं आली. हॉलच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिथंच ओल्गाला लग्न करून आणलं. ओल्गा म्हणायची, "माझी सवत लाकडाची आहे आणि तिला रोज दोनदा आंघोळ लागते." सामन्याआधी तो बूट काढायचा आणि नुसत्या मोज्यांनी एका बास्केटपासून दुसऱ्या बास्केटपर्यंत चालत जायचा. कुठं ओल लागली की गुडघ्यावर बसून पुसायचा. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, कुणी ओरडायचं, "प्रोद्रोमोस, आमच्या घरीही ये रे!" तो मान वर करायचा नाही.

आर्गोचे चांगले दिवस त्यानं पाहिले. सत्त्याऐंशीत देशानं बास्केटबॉलचं युरोपचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा गल्लीगल्लीत पोरांनी बादलीचं बूड कापून बास्केट टांगली. त्याच लाटेत आर्गो पहिल्या विभागात गेला. बसायला जागा मिळेना म्हणून लोक खिडक्यांत बसायचे. मग क्लबची व्यावसायिक कंपनी झाली. मूळ क्लब एकीकडं, कंपनी दुसरीकडं, आणि कंपनीला मालक. आधी एक मासळीचा व्यापारी आला, मग सुपरमार्केटवाला, मग अथेन्सहून कुणीतरी ज्याला कालामारियातला रस्ता विचारावा लागायचा. प्रत्येक जण अमेरिकेहून दोन-दोन उंच पोरं आणायचा, फोटो काढायचा आणि दोन हिवाळ्यांत निघून जायचा. त्या उंच पोरांना थंडी वाजली की प्रोद्रोमोस डोंगरी चहा करून द्यायचा. एका वर्षी हॉलची वीजच तोडली, तेव्हा तो दिवसा दारं उघडी ठेवून सराव करू द्यायचा. आर्गो दुसऱ्या विभागात घसरला, तिसऱ्यात घसरला, परत वर आला, परत घसरला. प्रोद्रोमोस तिथंच होता. थकला होता, पण तिथंच.

पार्थेनाचा नवरा बंदरावर गेला तो परत आला नाही, तेव्हा साव्वास सात वर्षांचा होता. ती बेकरीत दोन पाळ्या करायची आणि पोर शाळेतून सरळ हॉलमध्ये जायचं. प्रोद्रोमोसनं त्याला बुटाच्या तळव्याला थुंकी लावून घासायला शिकवलं, गृहपाठ करायला बसवलं, तापात मांडीवर घेतलं. आता साव्वास आर्गोचा कर्णधार होता, आणि संघातला एकटाच गावचा.

सप्टेंबरात, हंगाम सुरू होण्याआधी, दरवर्षी पाद्री येऊन हॉलला आशीर्वाद देतात. यंदाही पापा-लाझारोस आले. तुळशीची जुडी भांड्यात बुडवून त्यांनी खेळाडूंवर, बास्केटवर, कोपऱ्याकोपऱ्यात तीर्थ शिंपडलं. म्हातारपणात त्यांचा हात थरथरतो, त्यामुळं जमिनीवर पाणी जरा जास्तच पडलं. पार्थेना दाराशी कुरकुरीत बदामी बिस्किटांचं ताट घेऊन उभी होती. प्रोद्रोमोस पोछा घेऊन पुढं झालेला तिनं स्वतः पाहिला.

"काय करतोयस?" पापांनी हळूच विचारलं. दाराशी ते फक्त पार्थेनाला ऐकू आलं.

"पापा, पोरं आता पळणार आहेत."

"तीर्थ पुसून बादलीत टाकणार? आपोआप सुकू दे. ख्रिस्त सांभाळेल."

प्रोद्रोमोस थांबला. पोछा भिंतीला टेकवला. छायाचित्रकाराला घाई होती, प्रशिक्षकानं शिट्टी वाजवली, चेंडू सुटला, आणि साव्वास बास्केटखाली वळताना त्याचा पाय सरकला. गुडघ्याचा आवाज दारापर्यंत आला.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. क्लबचा अध्यक्ष याकोवोस इस्पितळाच्या पायऱ्यांवर सर्वांदेखत प्रोद्रोमोसवर तुटून पडला. "जन्म गेला तुझा या हॉलमध्ये! पाणी दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"मग पुसलं का नाहीस?"

प्रोद्रोमोसनं क्षणभर पार्थेनाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "म्हातारा झालोय, अध्यक्ष. विसरलो."

ते वाक्य मोहल्ल्यात पसरायला वेळ लागला नाही. कॉफीच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडं एकच: म्हातारा विसरला, आता कुणी तरी दुसरा बघायला हवा. साफसफाईचं काम एका कंपनीला द्यायचं, किल्ली काढून घ्यायची आणि खोली रिकामी करून घ्यायची, हे आज संध्याकाळच्या सभेत ठरणार होतं. तशी चिठ्ठी दारावर लागली होती.

परवा पार्थेना भातानं भरलेल्या टोमॅटोंचं ताट घेऊन त्याच्याकडं गेली होती. खिडकीच्या झडपा बंद. बऱ्याच वेळानं त्यानं दार उघडलं. दाढी वाढलेली, खोलीत सिगारेटचा वास.

"दादा, तुम्ही का सांगत नाही? मी ऐकलंय सगळं."

"तू काही ऐकलेलं नाहीस."

"मी दाराशी उभी होते!"

"बिस्किटं वाटत होतीस." त्यानं ताट घेतलं, टेबलावर ठेवलं, उघडून पाहिलं नाही. "बघ, पार्थेना. पापांचं हृदय कसं आहे तुला ठाऊक आहे. शिवाय लोकांचा त्यांच्यावर अजून विश्वास आहे. पुसणारा दुसरा मिळतो. पापा दुसरा कुठून आणायचा?"

"आणि खोली? जाणार कुठं?"

"बहिणीचा मुलगा काटेरिनीला आहे."

"त्यानं तुम्हाला गेल्या ईस्टरला फोनसुद्धा केला नाही!"

"आता करेल," म्हणून प्रोद्रोमोस हसला, आणि ते हसू पाहून तिला घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

तिच्या जिभेवर ते रोज येई आणि रोज ती ते गिळे. पापा-लाझारोसांनीच तिच्या नवऱ्यासाठी, प्रेत नसताना, प्रार्थना केली होती. त्यांनीच तिला बेकरीत लावून दिलं. त्यांच्याविरुद्ध सभेत उभं राहायचं? लोक म्हणतील, पार्थेनाचं मीठ अळणी निघालं. आणि पापांना खरंच काही झालं तर?

"आई," साव्वास सोफ्यावरून म्हणाला, "मला एक कळत नाही. काका घामाचा थेंब पडला तरी धावत यायचे. त्या दिवशी समोर उभे होते, मी बघितलं त्यांना. पोछा जवळच होता. विसरणं असं असतं?"

पार्थेनानं बर्फाची पिशवी खाली ठेवली.



"नाही विसरले," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही, नुसता थकवा आला.

साव्वास कोपरांवर रेलून उठला. "माझा हंगाम गेला तो गेला. पण त्यांचं घर माझ्या गुडघ्यापायी जायला नको, आई. याकोवोसला सांग."

"याकोवोसला नाही." तिनं मान हलवली. याकोवोसला सांगितलं तर तो माइकवरून ओरडणार, पापांची अब्रू चव्हाट्यावर येणार, आणि प्रोद्रोमोस तिला जन्मभर क्षमा करणार नाही. पण पापा स्वतः आले, स्वतः म्हणाले, तर गोष्ट वेगळी. म्हातारा माणूस आहे, कमजोर आहे, पण लबाड नाही. प्रोद्रोमोसला कशाचा बोल लागलाय हेच कदाचित त्यांच्या कानावर गेलं नसेल. त्यांना कोण सांगणार? तिच्याशिवाय ठाऊक कुणाला होतं?

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. सगळ्या मोहल्ल्याच्या झडपा दुपारच्या झोपेसाठी खाली ओढलेल्या, रस्त्यावर मांजरसुद्धा नाही. या वेळेला कुणी कुणाला फोन करत नाही. करायचाच झाला तर कुणी गेल्याचा.

"आता?" साव्वास म्हणाला. "आई, ते झोपले असतील. पापाद्या काय म्हणेल?" पापाद्या म्हणजे पाद्रींची बायको, तिची जीभ सगळ्या कालामारियाला माहीत होती.

"शिव्या देईल. देऊ दे." पार्थेनानं हात एप्रनला पुसले. पापांचं हृदय तिच्या मनात होतंच. म्हणून ओरडायचं नाही, आरोप करायचा नाही. एवढंच म्हणायचं की पापा, संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये या, माझा हात धरून या, आणि त्या दिवशी तुम्ही त्याला काय म्हणालात ते लोकांना सांगा. नाही आलात तर मी सांगेन, पण तुम्ही सांगितलेलं बरं.

तिनं दोनदा मनात ते वाक्य बोलून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं नाही. फोन उचलला आणि पाद्रींच्या घरचा नंबर फिरवला.